चाकू घ्या, फळ आडवं कापा: घरातल्या बेऱ्या ओळखायच्या कशा आणि मग त्यांचं करायचं काय

ब्लूबेरीची छोटीशी डबी मॉलमध्ये उचलायची, किंमत बघायची, परत ठेवायची आणि घरी येऊन म्हणायचं की आपल्या नागपुरात कुठं मिळतात बाप्पा बेऱ्या, हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. कारण त्याच माणसाच्या पिशवीत टमाटे असतात, वांगे असतात, हिरव्या मिरच्या, केळी, द्राक्षं आणि सीझन असला तर संत्री असतात, आणि वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं ह्या सगळ्याच्या सगळ्या बेऱ्या आहेत. आणि जिच्या नावातच बेरी आहे ती स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही. आता हे समजून करायचं काय, तर पुष्कळ काही. फळ आतून कसं बनलंय हे एकदा डोळ्यांनी बघितलं की संत्र्याचा रस कडू का पडतो, जेली कधी जमते आणि कधी नाही, मिरचीचा तिखटपणा कुठून काढायचा, मिक्सरमध्ये काय घालायचं आणि काय अजिबात घालायचं नाही, ह्या सगळ्याचं उत्तर त्या कापलेल्या फोडीतच दिसतं. म्हणून आधी कापू, मग वापरू.

आधी थोडं फुलाबद्दल

फळ हे आधी फुलात असतं. फुलाच्या मधोमध किंजपुट असते, तिच्या आत बीजांडं असतात, परागण झालं की बीजांडांच्या बिया होतात आणि किंजपुटाची भिंत वाढून फळ होतं. ह्या भिंतीचे तीन थर धरतात, बाहेरची साल, मधला गर आणि बियांना लागून असलेला आतला थर. सगळी गंमत ह्या आतल्या थरात आहे. तो थर मऊ राहिला, म्हणजे सालीपासून बियांपर्यंत सगळं खाता येईल असं मऊ किंवा रसाळ झालं, आणि ते सगळं एकाच फुलाच्या एकाच किंजपुटातून आलं, तर ती बेरी. मराठी पुस्तकांत ह्याला मृदुफळ म्हणतात. आतला थर लाकडासारखा टणक झाला तर ते आठळीचं फळ, आंबा, बोर, फालसा ह्या जातीतलं.

म्हणजे फळ हातात घेतलं की तीनच गोष्टी बघायच्या. एका फुलातून एकच फळ आलंय का, आत टणक कवच आहे का, आणि बिया थेट गरात बसल्यात का. बिया किती ह्याला महत्त्व नाही, खूप असतील किंवा एकच असेल, किंवा सीडलेस द्राक्षासारखी नसेलही.

टणक कवच आणि टणक बी ह्यात गोंधळ होतो, आणि तो सोडवायला आपल्याकडे चारासारखं उत्तम फळ दुसरं नाही. उन्हाळ्यात जंगलभागातून चारं येतात, छोटी काळसर गोड फळं, ती खाल्ली की आत एक टणक गोळी उरते, ती फोडली की आतून चारोळी निघते. ती चारोळी म्हणजे बी, आणि फोडलं ते कवच म्हणजे फळाच्या भिंतीचा आतला थर. म्हणून चार बेरी नाही. आता खजूर घ्या. खजुराची बी पण टणकच, पण ती फोडली तर आतून वेगळी बी निघत नाही, कारण ती स्वतःच बी आहे, तिच्याभोवती फक्त एक पातळ पापुद्रा असतो. म्हणून खजूर बेरी आहे, एका बीची बेरी. जांभळाचंही तसंच, आतली बी मोठी असली तरी तिच्यावर कोयीसारखं लाकडी कवच नसतं, त्यामुळं जांभूळ बेरीत धरतात.

आता कापा

लहान मुलं घरात असतील तर त्यांना बसवूनच हे करा, चाकू तुम्ही चालवा आणि बघायचं काम त्यांना द्या.

टमाटा देठ वर ठेवून आडवा कापा, उभा नाही. उभा कापला की रचना दिसत नाही. आडवा कापला की आत कप्पे दिसतील, देशी टमाट्यात जास्त, हायब्रीड लांबट टमाट्यात दोन किंवा तीन. प्रत्येक कप्प्यात बिया बुळबुळीत गरात बसलेल्या, आणि मधोमध जाड गाभा, ज्याला बिया चिकटलेल्या असतात. हा गाभा लक्षात ठेवा, पुढं मिरचीत कामी येणार आहे.

वांगं कापलं की तेच, फक्त कप्पे भरून गेलेले. काकडी आडवी कापली की तीन भाग स्पष्ट दिसतात, आणि टरबूज, खरबूज, कोहळं हे सगळे काकडीचे भाऊबंद, ह्यांची बाहेरची साल जाड आणि कडक होते पण आतून बेरीच, म्हणून ह्यांना वेगळं नाव असलं तरी गट तोच.

केळ्यात बघायला सगळ्यात मजा येते. सोललेल्या केळ्याच्या टोकाला बोट हळूच दाबत आत घाला, केळं उभं तीन फोडींत सुटं होतं, बरोबर तीन, कारण किंजपुटाचे भागच तीन. मधले काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं. जंगली केळ्यांत अजूनही टणक बिया असतात, आपण खातो त्या केळ्यातून माणसानं निवडून निवडून त्या घालवल्या.

आणखी एक गोष्ट बघायची ती फळाच्या दोन टोकांना. टमाटा, वांगं, मिरची ह्यांना फुलाचा हिरवा भाग देठाकडे चिकटलेला असतो, म्हणजे किंजपुट फुलाच्या वर होती. आता जाम घ्या (पुणे-मुंबईची मंडळी ज्याला पेरू म्हणतात तो), त्याच्या देठाच्या उलट्या टोकाला वाळलेल्या फुलाचा मुकुट असतो. डाळिंबाला असतो. आणि त्या मॉलमधल्या ब्लूबेरीलाही अगदी तसाच छोटा मुकुट असतो. म्हणजे ह्यांची किंजपुट फुलाच्या खाली होती, फूल तिच्या डोक्यावर उमललं. जाम आणि ब्लूबेरी हे नात्यानं लांबचे, पण फळाची घडण एकच, आणि जाम आपल्याकडे हिवाळ्यात ढिगानं मिळतो.

संत्रं शेवटी कापा. बाहेरच्या केशरी सालीत तेलाचे थेंब असलेल्या ग्रंथी, तिच्या आत पांढरा मऊ थर, मग फोडी. प्रत्येक फोड म्हणजे किंजपुटाचा एक कप्पा, आणि आत ज्या रसाच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात ते खरं म्हणजे आतल्या भिंतीवरून आत वाढलेले केस आहेत, रसानं फुगलेले. लिंबू, मोसंबी, संत्रं सगळी ह्याच घडणीची, बेरीचाच एक खास प्रकार.

नावात बेरी, आत भलतंच

स्ट्रॉबेरीचा जो लाल गर आपण खातो तो किंजपुटातून आलेलाच नाही, तो फुलाच्या बुडाचा भाग, पुष्पासन, फुगून झालेला असतो. आणि तिच्या अंगावर बाहेरून जे पिवळे दाणे असतात ना, त्यातला एकेक दाणा हे एकेक स्वतंत्र फळ आहे, बी त्याच्या आत. रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी म्हणजे एका फुलातून आलेल्या छोट्या छोट्या आठळीच्या फळांचा घोस. तुतीत तर पुढची पायरी, तिथं फुलंच अनेक, आणि त्या सगळ्यांचं मिळून एक दिसणारं फळ. सीताफळ हे एका फुलाचं पण अनेक किंजपुटांचं, प्रत्येक डोळा म्हणजे एक छोटी बेरी आणि सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, म्हणून पिकलं की डोळे सुटे होतात.

आपल्याकडच्या रानातल्या खऱ्या बेऱ्या बघायच्या तर करवंद, टेंभरं आणि मोहाचं फळ. टेंभराच्या झाडाची पानं बिडीला जातात हे विदर्भात सगळ्यांना माहीत, पण उन्हाळ्यात येणारं त्याचं पिवळं फळ शहरात फार कमी लोकांनी खाल्लंय. कच्चं असेल तर तोंड असं आखडतं की विचारू नका, टॅनिन असतं त्यात, म्हणून बोटानं दाबून मऊ लागलं तरच घ्या. साल काढायची, गर चोखायचा, चपट्या बिया टाकून द्यायच्या. बस, ह्याच्यावर स्वयंपाक करत बसू नका, तो गर तसाच चांगला लागतो.

संत्र्याचं काय करायचं

नागपुरात राहून ह्यावर लांबलचक लिहिणार नाही असं कसं होईल. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालं, लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, आणि तरी घरोघरी लोक रस काढून फ्रिजमध्ये ठेवतात आणि दुपारी कडू झाला म्हणून फेकतात. हे फार वाईट वाटतं बघून.

आधी विकत घेण्याबद्दल. आपल्याकडे दोन बहार, आंबिया आणि मृग. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळं साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, थोडी आंबटसर. मृगाची फुलं पावसाच्या सुरुवातीला आणि फळं फेब्रुवारी-मार्चकडे, जास्त गोड. मुरंबा-मार्मलेड करायचं असेल तर आंबिया घ्या, नुसतं खायला मृग. फळ हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानानं जड पाहिजे. आपल्या संत्र्याची साल सैल असतेच, पण दाबल्यावर साल आणि फोडी ह्यात हवाच हवा लागली तर आत कोरडं निघतं. थोडा हिरवा डाग असला म्हणून कच्चं समजू नका, केशरी रंग यायला रात्री थंड लागतात, गोडी त्याआधीच येऊ शकते. पण एक लक्षात ठेवा की संत्रं झाडावरून तोडल्यावर पुढं पिकत नाही, घरी ठेवून गोड होईल ही आशा नको.

आता कडूपणा. संत्र्याच्या पांढऱ्या थरात आणि फोडींच्या सालपटात एक पदार्थ असतो जो फळात असेपर्यंत कडू नसतो. रस काढताना ही सालपटं चिरडली की तो रसात उतरतो, रसातल्या आंबटपणामुळं हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी तोच रस कडवट. बियांमध्ये तर लिमोनिन आधीच असतं. मग करायचं काय, तर सोललेलं अख्खं संत्रं मिक्सरमध्ये घालायचं नाही, कधीच नाही. हातानं किंवा साध्या लिंबू-पिळणीसारख्या यंत्रावर अर्धं फळ ठेवून हलक्या हातानं पिळायचं, शेवटचा थेंब निघेपर्यंत रगडायचं नाही, लगेच गाळायचं, लगेच प्यायचं. रस उकळू नका, उष्णतेनं कडूपणा आणखी लवकर येतो. साठवायचाच असेल तर सालपट काढलेला गर डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा, रस नको.

संत्र्याची खीर करणारे पुष्कळ जण आहेत, त्यांच्यासाठीही हेच. दूध आटवून पूर्ण गार करा, फ्रिजमध्ये ठेवून चांगलं थंड, आणि वाढायच्या जरा आधी सालपट आणि बिया काढलेला गर घाला. गरम दुधात घातलं तर दूधही फाटतं आणि कडूपणाही येतो.

मार्मलेडमध्ये मात्र थोडा कडवटपणा हवाच असतो. मध्यम आकाराची सहा संत्री आणि दोन लिंबं घ्या. संत्र्याची साल आतला पांढरा भाग थोडा खरवडून बारीक लांब चिरा, एकदा पाण्यात उकळून ते पाणी फेका. रस आणि गर वेगळा ठेवा. बिया, खरवडलेला पांढरा भाग आणि पिळलेल्या लिंबाच्या साली एका मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करा, कारण पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारा फळातला पदार्थ, ह्याच भागात आहे आणि पेक्टिनशिवाय मार्मलेड बसत नाही. सगळं, लिंबाच्या रसासकट, एका स्टीलच्या गंजात (पातेल्यात) बुडेल इतक्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी मंद आचेवर शिजवा, सालीचा तुकडा दोन बोटांत दाबला की सहज चिरडला गेला पाहिजे, ही परीक्षा साखर घालायच्या आधीच घ्यायची कारण साखर पडली की साल पुढं मऊ होत नाही. मग पुरचुंडी पिळून काढा, जेवढे कप मिश्रण असेल त्याच्या पाऊणपट साखर घाला, आणि आता आच मोठी करून भराभर आटवा. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या थंड ताटलीवर एक थेंब टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला, वर सुरकुती पडली की गॅस बंद. गरम पाण्यात उकळून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरा.

करवंदाची जेली

करवंद हे जेलीसाठी देवानं दिलेलं फळ आहे, आंबटपणा आहे, पेक्टिन आहे, रंग असा की बाहेरचा रंग घालायची गरजच नाही. पण सगळी पिकलेली करवंदं घेतली तर जेली पातळ राहते, कारण फळ पूर्ण पिकत जातं तसं त्यातलं पेक्टिन कमी होत जातं. म्हणून बरीचशी अर्धवट पिकलेली, गुलाबी-लालसर घ्या आणि थोडीच काळी पिकलेली, रंगासाठी.

करवंदाला पांढरा चीक असतो आणि तो हाताला, चाकूला, भांड्याला चिकटून बसतो, म्हणून हातांना आणि चाकूला आधी तेल लावा, आणि कापलेली करवंदं थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून मग चांगली धुवा. लोखंडी कढई आणि ॲल्युमिनियम दोन्ही टाळा, आंबट फळ आहे. करवंदं जेमतेम बुडतील इतकं पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटं मंद शिजवा, मग कापडात घालून टांगून ठेवा आणि खाली पडेल तेवढाच रस घ्या. कापड पिळायचं नाही. मोह होतो पण नाही, पिळलं की जेली गढूळ होते. उरलेला चोथा टाकायचा नाही, बिया काढून त्यात गूळ, तिखट, मीठ आणि मोहरीची फोडणी घालून चटणी करा, भाकरीसोबत छान लागते. रस मोजा, एका कपाला पाऊण कप साखर, आणि पुढं ताटलीची तीच परीक्षा.

ह्याच पद्धतीनं जामाची जेली होते, तिथं आंबटपणा कमी म्हणून लिंबू पिळायचं. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं, त्यामुळं तिचा जॅम घट्ट होत नाही अशी तक्रार असेल तर एक न सोललेलं आंबट सफरचंद किसून घाला किंवा लिंबू वाढवा.

मिरची, म्हणजे पोकळ बेरी

मिरची उभी चिरा. आत पोकळी, आणि मधून जाणारी पांढरट शीर, जिला बिया चिकटल्यात. टमाट्यात जो गाभा बघितला तोच हा. तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, ह्या पांढऱ्या शिरेत तयार होतो. बिया तिला लागून असल्यामुळं त्यांना लागतो एवढंच. म्हणून घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील आणि मिरचीचा वास-चव हवी पण जाळ नको, तर बिया झटकून भागत नाही, चमच्याच्या टोकानं ती शीर खरवडून काढा. भिवापुरी मिरची, जिला जीआय आहे आणि जी आपल्याच जिल्ह्यातली, ती वाळलेली घेऊन देठ आणि शीर काढून भिजवून वाटली तर तर्रीला लाल रंग भरपूर येतो आणि तिखटपणा हाताबाहेर जात नाही. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही, म्हणूनच तर्रीत जाळ वरच्या तेलात असतो, आणि म्हणूनच तोंड पोळल्यावर पाणी पिऊन काही होत नाही, दही नाहीतर दूध घ्या. हाताला लागलं तर आधी तेल चोळा, मग साबण.

जांभूळ, सीताफळ, रसभरी

जांभळाचा गर काढायला मिक्सर नको. भांड्यात जांभळं, थोडं मीठ, आणि हातानं चोळून चाळणीतून गाळा, बिया अख्ख्या वर राहतात. मिक्सरमध्ये बी फुटली की तुरटपणा सगळ्या गरात जातो. बियांची पूड डायबेटिसवर घेतात लोक, पण डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून हे करू नका, आणि गोळ्यांसोबत घ्यायचं असेल तरी आधी विचारा.

सीताफळाबद्दल जास्त गंभीरपणे सांगते. बासुंदी किंवा रबडीसाठी गर काढताना बिया एकही फुटता कामा नये, त्या विषारी असतात, आणि त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. चाळणीवर गर ठेवून हातानं गोल गोल फिरवा, वेळ लागतो, लागू द्या.

रसभरी हिवाळ्याच्या शेवटी गाड्यांवर दिसते. तिच्यावरचं कागदी आवरण म्हणजे फुलाचाच हिरवा भाग, फळासोबत वाढून त्याला झाकून घेणारा. त्या आवरणात ठेवली तर रसभरी बरीच टिकते, म्हणून सोलून ठेवू नका, खाताना सोला. आतून पिवळी-नारिंगी झालेलीच खायची, हिरवी नाही, ती टमाटा-वांग्याच्या कुळातली आहे आणि कच्च्या फळात त्रासदायक द्रव्यं असतात. सोलल्यावर हाताला चिकट लागतं ते धुतलं की जातं.

आपल्या उन्हात ठेवायचं कसं

बेरीला वरून संरक्षण कमी आणि आत पाणी जास्त, त्यात आपला एप्रिल-मे, पारा ४५ च्या आसपास, त्यामुळं ठेवण्यावर बरंच अवलंबून आहे. केळी, टमाटे, जाम, चिकू ही तोडल्यावरही पिकतात, म्हणून थोडी कच्ची घेऊन बाहेर सावलीत, हवेशीर टोपलीत ठेवायची. केळं फ्रिजमध्ये काळं पडतं आणि टमाट्याचा वास मरतो, तरी भर उन्हाळ्यात पूर्ण पिकलेले टमाटे दोन-तीन दिवसांसाठी फ्रिजच्या सगळ्यात कमी थंड कप्प्यात ठेवणं हेच शहाणपणाचं, वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा. द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी पुढं पिकत नाहीत, त्यांना घरी आणल्याबरोबर थंडाव्यात टाका. आणि कुठलंही मऊ फळ आधी धुऊन ठेवू नका, ओलं राहिलं की बुरशी, खायच्या वेळी धुवा. स्ट्रॉबेरी हिवाळ्यात महाबळेश्वरची येते, आणि आपल्या विदर्भातल्या चिखलदऱ्याची मिळाली तर जरूर घ्या, तिचा देठ धुतल्यानंतरच काढायचा, आधी काढला तर पाणी आत शिरतं.

फ्रीझ करायचं असेल तर फळं धुऊन अगदी कोरडी करा, ताटात एकमेकांना न लागता पसरून फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाली की मग पिशवीत भरा. करवंद, जांभूळ, द्राक्ष सगळ्यांना चालतं.

काय खायचं नाही

बेरी म्हणजे खाण्यासारखं असा अर्थ मुळीच नाही. आलूच्या झाडाला कधी कधी छोट्या हिरव्या टमाट्यासारखी फळं लागतात, त्या बेऱ्याच आहेत आणि विषारी आहेत, कुंड्यांत आलू लावणाऱ्यांनी मुलांवर लक्ष ठेवा. भुईरिंगणीची पिवळी फळं पण बेऱ्याच, तोंडात घालायच्या नाहीत. घाणेरीची काळी फळं लहानपणी पुष्कळांनी खाल्लीयत, पण हिरवी फळं विषारी असतात आणि मुलाला फरक करता येत नाही, म्हणून नकोच. गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्सकडे फिरताना झुडपावर काही चमकदार दिसलं तर फोटो काढा, जाणत्या माणसाला दाखवा, चाखून बघायचं काम करू नका. पक्षी खातात म्हणून आपल्याला चालेल असंही काही नसतं.

बिया ठेवायच्या असतील तर

टमाट्याच्या बीवरचा बुळबुळीत थर बीला रुजू देत नाही, फळाच्या आतच कोंब फुटू नये म्हणून ती सोय आहे. तो काढायला पूर्ण पिकलेल्या देशी टमाट्याच्या बिया गरासकट पेल्यात काढा, थोडं पाणी घाला, वर कागद झाकून दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, रोज एकदा हलवा. वास येईल, वर फेस येईल, येऊ द्या. मग पाणी घालून ढवळा, चांगल्या बिया खाली बसतात, वरचं ओतून टाका, दोन-तीनदा धुऊन ताटलीवर सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटून बसतात. रसभरीच्या बियाही अशाच निघतात, फक्त त्या फार बारीक असल्यामुळं चहाची गाळणी लागेल. त्या जून-जुलैत रोपासाठी टाका, रोप बोटभर झालं की मोठ्या कुंडीत हलवा, भरपूर ऊन द्या, पाणी साचू देऊ नका, आणि फांद्या जड होऊन पसरतात म्हणून आधीच काठी लावून ठेवा. आवरण वाळून कागदी झालं आणि फळ आपोआप खाली पडायला लागलं की तोडणीची वेळ झाली समजायचं.